पिशवीचे मोल : आयर्लंडमधील पिशवी-कर आणि ग्राहकांचा न्यायविचार

किमतींचा इतिहास हा आर्थिक इतिहासाचा एक जुना आणि प्रतिष्ठित विभाग आहे. धान्याचे भाव, मजुरीचे दर, मिठावरील जकात यांसंबंधी विपुल लेखन झालेले आहे. परंतु जी वस्तू काल विनामूल्य मिळत होती तिला आज किंमत लागू झाली, तर समाज त्या किमतीचा स्वीकार कसा करतो, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेलेले दिसते. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे दुकानदार मालाबरोबर ग्राहकाच्या हाती देतो ती प्लॅस्टिकची पिशवी.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पाच पेन्स किंवा तीन रुपये ही रक्कम एवढी अल्प की तिच्यावरून कोणाचाही संसार अडत नाही. तथापि याच अल्प रकमेवरून सुशिक्षित, सुस्थित माणसे गल्ल्यापाशी हुज्जत घालतात आणि ग्राहक-न्यायालयापर्यंत जातात. आणि दुसऱ्या एखाद्या देशात हीच माणसे त्याहून मोठी रक्कम मुकाट्याने देतात किंवा घरून पिशवी आणू लागतात. हा फरक रकमेचा नसेल तर कशाचा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. रोजच्या व्यवहारातील एखादी सवय लोकांच्या संमतीने बदलणे राज्यसंस्थेला शक्य आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा मोठा प्रश्न त्यात अंतर्भूत आहे, म्हणून त्याचा पाठपुरावा करणे अवश्य वाटते.

१. विनामूल्य पिशवीचा पूर्वेतिहास

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानदाराने मालाबरोबर पिशवी द्यावी हा संकेत सनातन नाही. आपल्याकडील वाणी धान्य आणि साखर जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यात बांधून वर सुताचे दोन फेरे देत असे. पुडे वाहून नेण्याची पिशवी ग्राहकाची असे. तेलाला बाटली घरची, दुधाला भांडे घरचे, आणि शिधावाटपाच्या दुकानात तर पिशवीवाचून जाणे म्हणजे हात हलवीत परत येणे. पाश्चात्त्य देशांतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टोपली ग्राहकाचीच होती. अमेरिकेत फ्रान्सिस वोल याने १८५२ मध्ये कागदी पिशव्या तयार करण्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले, मार्गारेट नाइट हिने सपाट बुडाच्या पिशवीचे यंत्र सिद्ध करून १८७१ मध्ये एकस्व मिळविले, आणि त्यानंतर कागदी पिशवी इतकी स्वस्त झाली की दुकानदाराला ती मालाच्या किमतीत सामावून घेणे परवडू लागले.

प्लॅस्टिकची पिशवी याच मालिकेतील पुढची पायरी होय. स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीत स्टेन गुस्टाफ थुलिन याने एकसंध नळीसारख्या पातळ पत्र्यापासून कापून व जोडून घडविलेली, दोन कानांची पिशवी तयार केली, आणि १९६५ मध्ये कंपनीला तिचे अमेरिकन एकस्व मिळाले. वजनाने नगण्य, पाण्याने न भिजणारी आणि कागदी पिशवीहून स्वस्त अशी ही वस्तू १९८० नंतर जगभरच्या मोठ्या दुकानांत रूढ झाली. स्वयंसेवा-दुकानांच्या वाढीशी तिचा निकटचा संबंध आहे. ग्राहक ठरवून बाजाराला न निघता कामावरून घरी जाताना दुकानात शिरू लागला, त्या वेळी त्याच्या हाती पिशवी नसणे स्वाभाविकच होते.

ही पिशवी फुकट होती असे म्हणणे वस्तुतः बरोबर नाही. तिची किंमत मालाच्या किमतीत मिसळलेली होती, म्हणजे जो ग्राहक पिशवी घेत नसे तोही तिचे पैसे देत असे. परंतु जी किंमत पावतीवर दिसत नाही ती लोकांच्या लेखी किंमतच नव्हे. पश्चिम जर्मनीचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील किराणा मालाच्या दुकानांत १९७० नंतरच्या दशकापासून पिशवीला पैसे आकारण्याची प्रथा रुळली होती, आणि १९७८ मध्ये प्लॅस्टिकऐवजी तागाच्या पिशव्या वापरण्याचा पुरस्कार करणारी चळवळही तेथे निघाली. तेथील ग्राहकाला गल्ल्यावर पिशवीचे पैसे मोजणे अन्याय्य वाटत नव्हते. म्हणजे फुकट पिशवी हा हक्क आहे ही भावना मानवी स्वभावातून नव्हे तर विशिष्ट काळातील व्यापारी वहिवाटीतून उत्पन्न झालेली आहे. दोन-तीन दशकांत वहिवाटीचा हक्क कसा बनतो याचे हे एक चांगले उदाहरण मानता येईल.

२. आयर्लंडमधील प्रयोग

पिशवीवरील कराचा पहिला प्रयोग आयर्लंडचा नव्हे. डेन्मार्कने १९९४ पासून अशा पिशव्यांवर कर बसविला होता. परंतु तो व्यापाऱ्याकडून पिशव्यांच्या वजनावर वसूल होत असे व ग्राहकाला तो स्वतंत्रपणे दिसत नसे. गल्ल्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक ग्राहकाला पावतीवर स्वतंत्रपणे दिसेल असा राष्ट्रव्यापी कर बसविण्याचे श्रेय मात्र आयर्लंडकडे जाते, आणि म्हणूनच तो देश प्रस्तुत अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवला आहे.

१९९० नंतरच्या दशकात आयर्लंडची आर्थिक भरभराट झाली आणि तिच्याबरोबर कचराही वाढला. १९९८-९९ च्या सुमारास केलेल्या पाहणीत असा अंदाज बांधण्यात आला की देशात दरवर्षी सुमारे १२० कोटी पिशव्या वाटल्या जातात. दरडोई हे प्रमाण ३२८ पिशव्यांचे होते. रस्त्यांवरील केरकचऱ्यात पिशव्यांचा वाटा सुमारे ५ टक्के होता. कुंपणांवर, झाडांवर आणि किनाऱ्यांवर अडकलेल्या पिशव्यांचे दृश्य पर्यटनावर जगू पाहणाऱ्या देशाला लाजिरवाणे वाटू लागले. पर्यावरणमंत्री नोएल डेम्प्सी यांनी कराची कल्पना उचलून धरली. २००१ मध्ये कचरा-व्यवस्थापनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट कर लागू झाला.

या कराची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व विवेचन तीवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट अशी की, हा कर दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरावयाचा नव्हता. तो पूर्णपणे ग्राहकाकडून घेणे आणि पावतीवर स्वतंत्र रकान्यात दाखविणे दुकानदारावर बंधनकारक होते. दुसरी गोष्ट, जमा झालेली रक्कम महसूल खात्यामार्फत खास पर्यावरण-निधीत जात असे. दुकानदार मूल्यवर्धित करासाठी जी विवरणपत्रे भरतच होता त्याच यंत्रणेचा येथे उपयोग केल्यामुळे वसुलीचा खर्च उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्के एवढाच राहिला. तिसरी गोष्ट, सुटे मांस, मासळी, भाजी आणि फळे यांसाठी लागणाऱ्या लहान पिशव्या स्वच्छतेच्या कारणाने वगळण्यात आल्या, आणि ७० सेंट किंवा अधिक किमतीला विकल्या जाणाऱ्या टिकाऊ पिशव्यांवरही कर नव्हता. म्हणजे जेथे पिशवी अपरिहार्य तेथे ती करमुक्त होती, आणि जेथे टाळता येण्याजोगी तेथे टाळण्याचे साधन त्याच दुकानात मिळत होते.

कराचा दर कसा ठरला हेही लक्षात घेतले पाहिजे. आधीच्या पाहणीत लोकांना पिशवीसाठी जास्तीत जास्त किती पैसे द्याल असे विचारले होते, आणि उत्तरांची सरासरी २.४ सेंट निघाली होती. प्रत्यक्षात ठरलेला दर त्याच्या सहापटीहून अधिक होता. लोकांना परवडेल एवढा कर घेऊन उत्पन्न मिळवावे हा शासनाचा हेतू नव्हता. कर देणे नको वाटावे आणि लोकांनी पिशवीच घेऊ नये, हा हेतू होता. यशस्वी झाल्यास ज्याचे उत्पन्न आटावे असा हा कर होता.

३. गल्ल्यापाशी घडलेले

करापूर्वी भीती अनेकांना होती. व्यापाऱ्यांना वाटत होते की ग्राहक आपल्यालाच नफेखोर ठरवतील, गल्ल्यापाशी वादावादी होऊन रांगा खोळंबतील, आणि घरून आणलेल्या पिशव्यांत माल लपवून चोऱ्या होतील. या आशंकांना आधार नव्हता असे नाही. नुकतेच चलन बदलले होते. १ जानेवारी २००२ रोजी युरोची नाणी व नोटा व्यवहारात आल्या आणि ९ फेब्रुवारीस आयरिश पौंड बाद झाला. ज्या लोकांना नव्या नाण्यांची ओळखही धड झालेली नव्हती, त्यांच्याकडे एका महिन्यात जुन्या चलनाच्या हिशेबाने सुमारे १२ पेन्स एका पिशवीमागे मागितले जाऊ लागले. भरीस भर म्हणजे सार्वत्रिक निवडणूक १७ मे रोजी, अवघ्या अडीच महिन्यांवर येऊन ठेपली होती. निवडणुकीच्या तोंडावर प्रत्येक मतदाराला आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणवेल असा नवा कर बसविणे राजकारणाच्या रूढ शहाणपणाशी विसंगत होते.

प्रत्यक्षात काय झाले? पिशव्यांचा वापर थोड्याच महिन्यांत ९० टक्क्यांहून अधिक घटला. दरडोई ३२८ वरून २१ पर्यंत खाली आला. २००४ पर्यंत केरकचऱ्यातील पिशव्यांचा वाटा पाव टक्क्याच्याही आत गेला. निवडणुकीत सत्तारूढ आघाडीच पुन्हा निवडून आली. या निकालाची कारणे अर्थातच निराळी होती आणि त्याचा पिशवीशी कार्यकारणसंबंध जोडणे हास्यास्पद ठरेल. परंतु करामुळे लोकक्षोभ उसळला नाही एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. फ्रँक कॉन्व्हरी, सायमन मॅक्डॉनेल आणि सुझाना फेरेरा या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या कराचा अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातील सर्वांत लोकप्रिय कर हाच काय, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला आहे. त्यांनी घेतलेल्या मुलाखतींत व्यापाऱ्यांनी कराचा परिणाम आपल्या धंद्यावर अनुकूल किंवा निदान निरुपद्रवी झाल्याचे सांगितले, आणि ग्राहकांनीही मोठी तक्रार केली नाही.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा उपस्थित होतो. करापूर्वी लोकांनी जे सांगितले आणि करानंतर त्यांनी जे केले यांत अंतर आहे. पिशवीला सव्वादोन-अडीच सेंटच देऊ म्हणणारे लोक १५ सेंट लागताच रागावतील असे त्या पाहणीवरून अनुमान निघाले असते. ते चुकले असते, कारण विचारलेला प्रश्न पिशवीच्या किमतीचा होता आणि लोकांच्या मनात उठलेला प्रश्न वेगळाच होता : सर्वांना सारखा नियम आहे काय, आणि आपले पैसे कोण घेतो? भावी वर्तनाविषयी लोकांनी दिलेली उत्तरे हे इतिहासाचे साधन खरे, पण ते प्रामुख्याने उत्तर देण्याच्या क्षणीच्या वहिवाटीचे साधन होय, पुढील वर्तनाचे नव्हे. समकालीन पाहण्यांचा आधार घेऊन संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विवेक बाळगणे इष्ट आहे.

चित्र सर्वस्वी उजळ होते असेही नाही. पूर्वी दुकानातील पिशव्याच घरच्या केरासाठी वापरल्या जात. त्या बंद झाल्यावर केरासाठीच्या पिशव्यांची विक्री वाढली. कापडाच्या आणि पादत्राणांच्या दुकानांनी कर लागू नसलेल्या कागदी पिशव्यांचा आश्रय घेतला. शिवाय काळ लोटला तसा १५ सेंटांचा धाक ओसरला आणि २००६ मध्ये दरडोई वापर ३१ पर्यंत चढला. तेव्हा १ जुलै २००७ पासून दर २२ सेंट करण्यात आला. सवय एकदा मोडली म्हणजे ती कायमची मोडली, असे समजण्याचे कारण नाही.

४. ब्रिटन : आकारणी आहे, कर नाही

ब्रिटनमध्ये हीच कल्पना चार घटक प्रदेशांत चार वेगवेगळ्या वर्षी आली : वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११, उत्तर आयर्लंडमध्ये ८ एप्रिल २०१३, स्कॉटलंडमध्ये २० ऑक्टोबर २०१४ आणि इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर २०१५ रोजी. दर सर्वत्र पाच पेन्स होता. इतिहासाच्या अभ्यासकाला हा क्रम सोयीचा आहे, कारण एकाच भाषेच्या, एकाच व्यापारी साखळ्यांकडून माल घेणाऱ्या शेजारी प्रदेशांत नियमापूर्वीची आणि नंतरची स्थिती एकाच वेळी पाहता येते. वेल्समध्ये अशी तुलना करणाऱ्या संशोधकांना आढळले की घरून पिशवी आणणाऱ्यांचे प्रमाण इंग्लंडपेक्षा वेल्समध्ये अधिक वाढले, आणि आकारणीला असलेला पाठिंबा आकारणी सुरू झाल्यानंतर वाढला. आधी मतपरिवर्तन आणि मग वर्तनात बदल, या नेहमीच्या कल्पनेला हा निष्कर्ष छेद देतो. लोक प्रथम पिशवी आणू लागले आणि मग त्यांना ती आणणे योग्य वाटू लागले.

इंग्लंडमध्ये नियम केवळ २५० किंवा अधिक नोकर असलेल्या व्यापाऱ्यांना लागू होता. कच्चे मांस, मासळी, पात्याची हत्यारे, पाण्यातील जिवंत मासे, औषधयोजनेची औषधे अशा अपवादांची यादीही लांबलचक होती. काही वृत्तपत्रांनी गल्ल्यांपाशी गोंधळ माजेल असे भाकीत केले, आणि पहिल्या काही आठवड्यांत दुकानातल्या टोपल्याच ग्राहक घरी घेऊन जात असल्याच्या बातम्या आल्या. परंतु सात मोठ्या दुकानमालिकांनी २०१४ मध्ये ७६० कोटी पिशव्या दिल्या होत्या, तेथे आकारणीच्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६० कोटी दिल्या. एवढी घट पाहता भाकितातला गोंधळ फार काळ टिकला नसावा हे उघड आहे. २१ मे २०२१ पासून दर १० पेन्स करून लहान दुकानदारांनाही नियमाखाली आणण्यात आले.

आयर्लंडपेक्षा इंग्लंडचा फरक एका महत्त्वाच्या बाबतीत होता. इंग्लंडमधील पाच पेन्स हा कर नव्हता. रक्कम व्यापाऱ्याकडेच राहत असे. तिच्यातून विक्रीकर आणि वाजवी खर्च वजा जाता उरलेले पैसे सत्कार्याला द्यावेत अशी अपेक्षा होती, सक्ती नव्हती. दिलेल्या देणग्यांची माहिती शासन प्रसिद्ध करीत असे, त्यामुळे लोकलाजेचा अंकुश होता. तरी ग्राहकांच्या कुरबुरीत ‘हे पैसे शेवटी कोणाला?’ हा सूर राहिला, आणि तो निराधार म्हणता येत नाही. पुढे जाड, टिकाऊ म्हणून विकलेल्या पिशव्याच लोक एकदा वापरून टाकू लागले. २०१९ मध्ये पर्यावरण-संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मोठ्या दुकानमालिकांनी वर्षात अशा सुमारे १५० कोटी, म्हणजे घरटी सुमारे ५४ पिशव्या विकल्या. पिशवी विकण्यात ज्याचा लाभ आहे त्याच्याच हाती पिशवी कमी करण्याचे काम सोपविले, की असे घडण्याचा संभव असतो.

अल्प रकमेचा एवढा मोठा परिणाम का व्हावा, याचे एक उत्तर अमेरिकेतील अभ्यासातून मिळते. मेरीलंड राज्यातील मंटगोमेरी परगण्यात २०१२ पासून पिशवीवर पाच सेंट कर होता. काही दुकाने तत्पूर्वी घरची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट सूट देत. तात्याना होमोनॉफ या संशोधिकेने दाखवून दिले की सुटीचा परिणाम जवळजवळ शून्य होता आणि कराचा परिणाम फार मोठा होता. रक्कम तीच, पण जवळचे पाच सेंट जाणे माणसाला जितके लागते तितके नवे पाच सेंट मिळणे सुखवीत नाही. मात्र या मानसशास्त्रीय नियमाने पिशवी का सोडली हे समजते. राग का आला अथवा का आला नाही, हे समजत नाही. त्यासाठी न्यायाच्या कल्पनेकडेच वळावे लागते.

५. दक्षिण आफ्रिका : अपयशाचा धडा

दक्षिण आफ्रिकेत कुंपणांवर फडफडणाऱ्या पिशव्यांना लोक उपहासाने ‘राष्ट्रीय फूल’ म्हणत. तेथे ९ मे २००३ पासून पातळ पिशव्यांवर बंदी आली आणि जाड पिशव्यांना ४६ सेंट किंमत लागली. प्रारंभी वापर एकदम घटला. पण थोड्याच महिन्यांत व्यापाऱ्यांनी किंमत खाली आणली, शासनाला मिळणारा वाटा पिशवीमागे अवघा काही सेंटांचा राहिला, आणि वापर पुन्हा वाढत गेला. ग्राहकाने प्रथम धक्का मानला, नंतर तो खर्च अंगवळणी पाडून घेतला. किंमत घसरू देणारी व्यवस्था ग्राहकाला नकळत असेही सांगते की नियम मनापासून केलेला नाही. आयर्लंडने वापर ३१ वर जाताच दर वाढविला, दक्षिण आफ्रिकेत तो उतरू दिला गेला. दोहोंच्या फलनिष्पत्तीतील अंतर पुष्कळ अंशी येथेच आहे.

६. भारत : नियम आणि निवाडा यांचा विरोध

भारतातील वृत्तान्त अधिक गुंतागुंतीचा असून आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुंबईतील २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या गटारांचा दोष पुष्कळ अंशी पिशव्यांकडे गेला, आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. राष्ट्रीय पातळीवर फेब्रुवारी २०११ च्या नियमांनी असे ठरविले की कोणत्याही किरकोळ विक्रेत्याने ग्राहकाला पिशवी विनामूल्य देऊ नये, आणि तिची किमान किंमत स्थानिक नगरसंस्थेने ठरवावी. म्हणजे पैसे आकारणे हे दुकानदाराचे कर्तव्यच ठरले. मात्र ग्राहकाच्या पावतीवरून हे पैसे कोणत्या कार्यासाठी, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. मोठ्या दुकानांनी आकारणी सुरू केली; भाजीवाल्याने आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने बहुधा केली नाही. पोटापुरते विकणारा विक्रेता ग्राहक दुखविण्यास धजत नाही, हे त्याचे साधे कारण.

मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी पद्धत बदलली. पिशवी देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने नगरसंस्थेकडे नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावे आणि पिशवीला पैसे पडतील असा फलक दर्शनी भागी लावावा, अशी तरतूद झाली. मार्च २०१८ मध्ये ही तरतूदच वगळण्यात आली. त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने आकारणीचा मार्ग सोडून सरसकट बंदीचा मार्ग धरला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व कारावास अशा शिक्षा ठरल्या. अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली आणि काही दिवसांतच किराणा दुकानदारांच्या वेष्टनांना सवलत द्यावी लागली. बंदीचा एक अनपेक्षित परिणाम असा की मोठी दुकाने कागदाच्या आणि कापडाच्या पिशव्या देऊ लागली व त्यांचे पैसे मागू लागली. प्लॅस्टिक कमी करण्यासाठी योजलेली आकारणी आता प्लॅस्टिक नसलेल्या पिशवीवर येऊन पडली, आणि तिच्यामागे कोणत्याही नियमाचे पाठबळ उरले नाही.

याच सुमारास ग्राहक-न्यायालयांत तक्रारी वाढल्या. चंदीगड येथील ग्राहक मंचाने २०१९ मध्ये कागदी पिशवीला तीन रुपये घेणाऱ्या एका पादत्राण-विक्रेत्याला सर्व मिळून ९,००० रुपये भरण्यास सांगितले. मंचाचा एक युक्तिवाद मार्मिक होता : पिशवीवर विक्रेत्याचे नाव छापलेले आहे, म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून विक्रेत्याची जाहिरात मिरवावी असा हा प्रकार झाला. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने एका मोठ्या दुकानमालिकेच्या प्रकरणात निर्णय दिला की माल निवडून झाल्यावर, गल्ल्यापाशी, आगाऊ सूचना न देता आणि पिशवीचा प्रकार व किंमत आधी न सांगता पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. ग्राहकाला स्वतःची पिशवी आत नेण्यास मनाई असे, हेही आयोगाने विचारात घेतले.

वरवर पाहता येथे विरोध दिसतो. २०११ चा नियम म्हणतो फुकट देऊ नका. २०२० चा निवाडा म्हणतो अशा रीतीने पैसे घेऊ नका. पण बारकाईने वाचल्यास आयोगाचा रोख किमतीवर नसून रीतीवर आहे. सुरक्षारक्षक दाराशी घरची पिशवी काढून ठेवावयास लावतो, आत दहा वस्तू घेऊन झाल्यावर गल्ल्यापाशी विचारणा होते, मागे रांग उभी असते. त्या क्षणी ग्राहकापुढे दोनच मार्ग उरतात : पैसे द्यावे, नाही तर दोन्ही हातांत सामान सावरीत बाहेर पडावे. तीन रुपये त्याला जड नसतात. जड वाटते ते आपल्याला कोंडीत धरल्याचे. या मानहानीची नोंद निवाड्यांत झालेली आहे, आणि ग्राहकाच्या भावनेचे ते एक अस्सल साधन आहे.

७. समारोप

ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराने १९७१ मध्ये अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्याच्या दंग्यांविषयी लिहिताना असे प्रतिपादिले की जमाव केवळ भुकेने उठत नव्हता. व्यवहार कसा असावा याविषयी त्याच्या मनात एक नैतिक व्यवस्था होती आणि तिचा भंग झाला म्हणून तो उठत होता. पिशवीवरून हुज्जत घालणाऱ्या ग्राहकाची भुकेल्या जमावाशी बरोबरी करणे अनुचित होईल; एकाचा प्रश्न जगण्याचा, दुसऱ्याचा सोयीचा. तथापि रागाचा आकार सारखा आहे. दोन्ही ठिकाणी माणूस भाव किती हे विचारीत नाही. भाव कोणी, केव्हा आणि कोणासाठी वाढविला, हे विचारतो.

वरील चार देशांच्या वृत्तान्तावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, आकारणीची सूचना ग्राहक दुकानात शिरण्यापूर्वीच त्याला असली पाहिजे. आयर्लंडमध्ये संपूर्ण देशाला एका ठरलेल्या तारखेपासून एकच नियम ठाऊक होता. आपल्याकडे तो गल्ल्यावर कळत होता. दोन, पैसे कोठे जातात हे ग्राहकाला दिसले पाहिजे. ते विक्रेत्याच्या पेटीत जातात असे दिसताच लोकहिताची भाषा त्याला ढोंगी वाटू लागते. तीन, पैसे टाळण्याचा सन्मान्य मार्ग मोकळा असला पाहिजे. घरची पिशवी दाराशी काढून घेऊन पिशवी विकणे म्हणजे तो मार्ग बंद करणे होय. या तीन अटी पाळल्या गेल्या तेथे सहापट कर निमूट दिला किंवा टाळला गेला. न पाळल्या गेल्या तेथे तीन रुपयांचा खटला झाला.

यावरून एवढेच अनुमान काढावयाचे की लोकांच्या सवयी बदलत नाहीत ही शासनाची तक्रार नेहमीच खरी नसते. ज्या समाजात वाण्याच्या दुकानी घरची पिशवी नेणे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत नित्याचे होते, त्या समाजाला पिशवी नेण्याची सवय नवी लावावयाची नव्हती. ती फक्त परत आणावयाची होती. तरीही आयर्लंडपेक्षा आपला मार्ग अधिक कष्टाचा ठरला, आणि त्याचे कारण ग्राहकाच्या आळसापेक्षा नियमांच्या घडणीत अधिक आहे. महाराष्ट्रातील नगरसंस्थांच्या अधिसूचना, जिल्हा ग्राहक मंचांचे निवाडे, किराणा दुकानदारांच्या कीर्द-खतावण्यांतील पिशव्यांच्या खरेदीच्या नोंदी आणि वृद्ध दुकानदारांच्या आठवणी ही साधने अद्याप उपलब्ध आहेत. एखाद्या शहरापुरता तरी त्यांचा एकत्रित अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतल्यास वरील तीन अटी आपल्याकडे कोठे आणि कशा मोडल्या, याचा निर्णय साधार करता येईल.